तपासायची सुई

आमच्या गावात कुणाची सून जरा मान वर करून चालली, की बायका अजून म्हणतात, "ही बघा, दुसरी नाम्पीमा!" मी तिथं असले तर ऐकून घेत नाही. विचारते, "तू पाहिलंयस का गं तिला? तिच्या हातचं खाल्लंयस कधी?" मग एकेक जण काम आठवून उठते. नाम्पीमा माझी धाकटी जाऊ. एका चुलीवर आम्ही दोघींनी केळी शिजवली, एका अंगणात कॉफी वाळवली. ताठ नव्हती हो ती. तिचा खुबा दुखत होता. गोष्ट एवढीशी, पण तेवढ्यानं तिचं घर मोडलं.

आली तेव्हा काय पोरगी होती! उंच, लांब हातांची, सारखी कशाला तरी हसणारी. शाळेत नेटबॉल खेळायची. मसाका शहरातल्या शाळांचे सामने असले की हिच्या डोक्यावरून चेंडू काढायची कुणाची टाप नव्हती म्हणे. किवूवा भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, तिला त्या मैदानावरच पाहिलं आणि घरी येऊन जेवेचनात. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "उड्या मारणारी पोर. चटईवर नीट बसेल तर शपथ."

पण बसली. माझ्यापेक्षा चांगली बसायची, खरं सांगते. आमच्यात सून सकाळी उठली की आधी सासूपुढे जाते. दोन्ही गुडघे टेकायचे, मग पाय एका बाजूला दुमडून चटईवर बसायचं आणि विचारायचं, रात्र कशी गेली आई? त्या म्हणणार, बरी गेली, तुझी? मग शेताचं, शेळ्यांचं, पोराबाळांचं विचारून झालं की दोघींनी मिळून नुसतेच हुंकार द्यायचे, म्म्, म्म्, आणि मग चुलीकडे वळायचं. मोठ्यांना पाणी द्यायचं तरी गुडघ्यांवरून. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझे गुडघे काळे पडलेत, ते मी कुणापासून लपवत नाही. राजधानीतल्या, कंपालाच्या पोरी नाकं मुरडतात, मुरडू देत. माझं भांडण त्या रीतीशी नाहीच.

तिची लेक मिरेंबे झाली, त्यानंतर हिचं सुरू झालं. आम्ही दोघी चटईवर बसून हिरवी केळी सोलत होतो. उठताना हिनं खांब धरला.

"काय गं, म्हातारी झालीस का?" मी म्हटलं.

"जांघेत चिमटा बसल्यासारखं होतं, ताई. आत, खोल. खाली बसलं की होतं."

"बाळंतपणाचं असेल. जाईल."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हिचं आलं मुंगीच्या पावलांनी आणि जायचं नावच घेईना. चालताना ठीक, ओझं उचलताना ठीक. गुडघे पोटाशी आले की संपलं. आधी ती पाय दुसऱ्या बाजूला दुमडून बसायला लागली. आता आमच्या घरात सगळ्या बायका पाय दाराकडे दुमडतात, म्हणजे तळवे मोठ्या माणसांकडे होत नाहीत. हिनं उलटे दुमडले, आणि तळवे थेट सासूबाईंकडे. त्यांनी पाहिलं आणि गिळलं. मग ती एकच गुडघा टेकायला लागली. मग एक दिवस नुसतीच कमरेत वाकली.

"असं वाकतात ते दुकानदाराला," सासूबाई म्हणाल्या. "मी काय साबण विकतेय इथं?"

"आई, दुखतं हो फार."

"मला सहा पोरं झाली. मला नाही कुठं दुखलं ते!"

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्या 'रात्र कशी गेली'ला उत्तर देणं सोडलं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. रोज सकाळी ती पोर दारात वाकून उभी राहायची आणि विचारायची, "रात्र कशी गेली, आई?" सासूबाई घेवड्याच्या शेंगा सोलत राहायच्या. ती जरा वेळ तशीच थांबायची. मग आत यायची, आणि माझ्याकडे पाठ करून चुलीत लाकडं सारायची. कधी चुकवलं नाही तिनं. ताप असला तरी जाऊन विचारायची. मी एकदा चिडून म्हटलं, "सोड ना! भिंतीला काय विचारतेस रोज?" तर म्हणाली, "मी विचारायचं सोडलं तर त्यांना उत्तर द्यायला वाटच राहणार नाही, ताई." तिला दुसरं काही नको होतं. सासूबाईंनी एकदा 'बरी गेली' म्हणावं, एवढीच आस.

औषधं काय कमी केली? वैदूनं खुब्यावर ब्लेडनं बारीक बारीक चिरा पाडून काळी भुकटी चोळली. चिरा भरल्या, दुखणं तसंच. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या माणसानं 'जांघेत दुखतं' एवढं ऐकलं आणि म्हणाला, हे बायकांचं दुखणं, आतला जंतू आहे. गोळ्या दिल्या, आणि वर म्हणाला, नवऱ्यालाही द्या. झालं! अर्ध्या तासात सगळ्या नाक्याला कळलं की किवूवाच्या बायकोला 'तसलं' काहीतरी आहे. भावजींनी मान खाली घालून गोळ्या घेतल्या. पण गडी तिच्या बाजूनं उभा राहिला, हे मी नाकारणार नाही. चुलत्याच्या घरी बारशाला सगळं गणगोत जमलं होतं. तिथं सासूबाईंनी विषय काढला तेव्हा भावजी उठून म्हणाले, "आई, ती ढोंग करत नाही. दुखतं तिला. तिच्याबद्दल मी शब्द देतो." चारचौघांत आईला असं बोलणं सोपं नाही आमच्यात. नाम्पीमा भांडी घासता घासता ऐकत होती. तिचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, चला, नवरा तरी आहे.

मग कुणीतरी सांगितलं की मसाकाच्या मिशनच्या इस्पितळात हाडांचा मोठा डॉक्टर येतो अधूनमधून. मी तिला घेऊन गेले. डॉक्टर मुगांडा, म्हणजे आमच्याच जमातीतला, गोल चेहऱ्याचा, थट्टेखोर. त्यानं विचारलं, "कुठं दुखतं? बोट ठेव."

हिला बोट ठेवता येईना. तिनं अंगठा मागे आणि बोटं पुढं अशी पंजाची कमान करून खुबाच मुठीत धरला.

"अस्सं," डॉक्टर म्हणाला. "गर्भाशयासाठी किती गोळ्या खाल्ल्यास?"

ती चकित झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अशी कमान करून दाखवणारी प्रत्येक बाई त्या खाऊनच माझ्याकडे येते. नीज इथं."

त्यानं तिचा गुडघा वाकवून छातीकडे नेला, पलीकडे ढकलला आणि पाऊल बाहेर वळवलं. नाम्पीमा अशी किंचाळली की बाहेरची नर्स आत आली. "चटईवर पाय दुमडले की नेमकं हेच होतं तिच्या खुब्याचं," तो मला म्हणाला. मग फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडाला धरून दाखवला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा चेंडूसारखा गोल असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. हिच्या त्या गोळ्याच्या मानेवर हाडाचा उंचवटा आला होता. पाय खूप वाकला की उंचवटा वाटीच्या काठाला आपटायचा, आणि आपटून आपटून काठाची मऊ कड फाटली असावी, असं तो म्हणाला.

"लहानपणी खेळायचीस का काही? उड्याबिड्या?"

"नेटबॉल," ती म्हणाली, आणि तोंड इतकं पडलं की जणू चोरीच कबूल केली.

"मग वाढत्या वयात आलं असेल. तुझा त्यात काही दोष नाही. आता एक सुई देतो, खुब्याच्या आत. ही बरं करायची सुई नाही, ऐकतेस ना? ही तपासायची सुई. आत नुसतं बधिर करायचं औषध आहे. दुखणं गेलं तर चोर सांध्यातच आहे. नाही गेलं तर दुसरीकडे शोधू. संध्याकाळपर्यंत औषध उतरेल आणि पुन्हा दुखेल. तेव्हा घाबरायचं नाही."

सुई दिली, थोडा वेळ बसवलं, आणि पुन्हा तोच गुडघा तसाच छातीकडे नेला, तसाच वळवला. मी डोळे मिटून घेतले. किंकाळी आली नाही. डोळे उघडले तर ही हसत होती. पहिल्या वर्षीसारखी हसत होती.

"सापडला चोर!" डॉक्टर म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. दुर्बीण घालून तो उंचवटा तासतात, पण ते करणारे हात आपल्या देशात मोजके, कंपालाला चिठ्ठी देतो, कधी बोलावतील सांगता येत नाही. तोवर कुल्ल्याचे आणि पोटाचे व्यायाम, आणि चटई बंद. उकिडवं बसणं बंद, गुडघे टेकणं बंद, खुर्चीवर बसायचं.

"सुनेला गुडघे टेकणं बंद!" मला राहवलं नाही. "मीठ बंद म्हणावं तसं म्हणताय. तुमच्या घरी बायको टेकत नाही का?"

"टेकते की," तो म्हणाला. "तिचा खुबा चांगला आहे." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "सासूला घेऊन या माझ्याकडे. मी समजावतो."

परत येताना टॅक्सीत आम्ही माणसांत कोंबलेल्या. ही सारखी विचारतेय, "ताई, संध्याकाळपर्यंत म्हणजे किती वाजेपर्यंत?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी डॉक्टर आहे?" थोड्या वेळानं ड्रायव्हरला म्हणते, "दादा, जरा पळवा की गाडी!" मला वाटलं, लेकीची आठवण येतेय. नाक्यावर उतरली आणि केळीच्या वाटेनं अशी भराभरा पुढे गेली की मला गाठता येईना. मी मागून ओरडतेय, "अगं, डॉक्टर काय म्हणाला!" ऐकतेय कोण.

मी अंगणात पोचले तेव्हा सासूबाई चटईवर बसून घेवडा निवडत होत्या. शेजारच्या दोघी बसल्या होत्या, भावजी नुकतेच कॉफीच्या गिरणीवरून येऊन सायकल भिंतीला लावत होते. आणि नाम्पीमानं सगळ्यांसमोर गुडघे टेकले. दोन्ही. मग पाय दुमडले, दाराकडे, रीतीप्रमाणे. पाठ सरळ, हात मांडीवर. बघत राहावं अशी बसली.

"दिवस कसा गेला, आई?"

सासूबाईंच्या हातातले दाणे खाली पडले. त्या तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा गेला गं, लेकी. तुझा?"

"बरा गेला. शेळ्या?"

"आहेत बऱ्या. म्म्."

"म्म्."

"म्म्," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. देवाशपथ सांगते, मी रडले. त्या म्हातारीलाही हुंकार द्यायचाच होता इतके दिवस. वाईट बाई नव्हती ती. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः शेंगदाण्याचं कालवण केलं आणि पानात वाफवलेल्या केळ्यांचा मधला, मऊ घास नाम्पीमाच्या ताटात वाढला. मी तीन तीनदा सांगितलं, "आई, हे सुईमुळं आहे. ही तपासायची सुई होती, तिचा जोर आता उतरेल."

"तपासायची सुई?" त्या हसल्या. "सुई काय तपासायला असते? सुई बरं करायला असते. केलं बरं. देवाचे आभार मान आणि जेव."

आता त्यांचं तरी काय चुकलं म्हणू? आमच्याकडे गोळीवर कुणाचा भरवसा नसतो, सुईवर असतो. हिवताप सुईनं जातो. गेलेला हिवताप दुसऱ्या दिवशी परत येतो का?

सकाळी नाम्पीमा उठली ती भिंत धरून. आदल्या दिवशी इतकी खोल बसली होती की दुखणं दुपटीनं आलं होतं. दारात आली. वाकली.

"रात्र कशी गेली, आई?"

सासूबाई वाट बघत होत्या. चटईवर समोर जागा करून बसल्या होत्या. "ये, बस ना," त्या म्हणाल्या.

"आई, आज नाही जमत."

"काय नाही जमत?"

"बसायला. औषध उतरलं."

सासूबाईंचा चेहरा कसा बदलला ते मला सांगता येणार नाही. त्यांना वाटलं, काल सगळ्यांपुढे आपल्याला हसं केलं. "काल जमलं," त्या म्हणाल्या. "काल शेजारणी होत्या, नवरा होता, तेव्हा जमलं. आज मी एकटी आहे, तर नाही जमत. हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो गं? मनात आलं की टेकतेस, मनात नसलं की खुबा दुखतो!"

मी मध्ये पडले. ओरडले, हात जोडले, म्हटलं चला डॉक्टरकडे, तो तुमच्याशी बोलतो म्हणालाय. "मला इस्पितळात नेऊन सुना शिकवणार?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पण खरा घाव भावजींनी घातला. ते सगळं ऐकत उभे होते. मला वाटलं, आता बोलतील, दिलाय ना शब्द. ते नाम्पीमाला हळूच म्हणाले, "मी गणगोतात तोंड वर करून सांगितलं, हिला बसता येत नाही. आणि काल तू माझ्या डोळ्यांदेखत बसलीस. आता मी कुणाला काय सांगू?"

"सुई दिली होती हो," ती म्हणाली.

"मग पुन्हा दे म्हणावं सुई," ते म्हणाले आणि सायकल काढून गेले.

थोड्याच दिवसांत ती माहेरी गेली. भांडून नाही, डॉक्टरनं विश्रांती सांगितलीय म्हणून. आमच्यात बायको अशी माहेरी बसली की नवऱ्यानं सासऱ्याकडे जायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि तिला घेऊन यायचं. मी रोज भावजींना टोचायचे, "कधी जाताय?" आधी म्हणाले, कॉफीचा हंगाम होऊ दे. मग म्हणाले, आईला विचारतो. मग बोलायचेच बंद झाले. मिरेंबे बापाच्या कुळाची, ती आमच्याकडे राहिली. माझ्या अंथरुणात झोपायची, आणि झोपेत माझे केस मुठीत धरायची. आईचे धरायची तसे.

आणि तिकडे काय झालं ऐका. खुबा सुधारला! तिच्या आईनं पहिल्याच दिवशी खुर्ची अंगणात ठेवली आणि म्हणाली, या घरात तू कुणापुढे गुडघे टेकायचे नाहीस, माझ्यापुढेही नाही. कंपालाचं बोलावणं काही आलं नाही. पण ही डॉक्टरनं दाखवलेले व्यायाम नेमानं करायची, उंच बाकावर बसून केळी सोलायची. वर्षभरात नीट चालायला लागली, बाजाराला जायला लागली. डॉक्टर खूश झाला म्हणे, अशीच राहा म्हणाला. अशीच म्हणजे कशी, ते त्याला कोण सांगणार? औषध काय होतं तर आमच्या घरातून बाहेर पडणं. आणि त्या औषधाची किंमत आमच्या घरात माझ्या कुशीत झोपत होती. मला अजून संताप येतो. कुणावर ओरडू तेच कळत नाही.

मिरेंबे शाळेत जायला लागली, तेव्हा सुट्टीत मी तिला आईकडे घेऊन गेले. आधीही नेली होती दोनचारदा, पण तेव्हा फार लहान होती. नाम्पीमा अंगणात खुर्चीवर बसली होती. लेकीला बघून उठली, आणि तोंडावर हात ठेवला. पोरीनं काय करावं? धावत गेली नाही. आजीनं शिकवलेली पोर. तिथंच दोन्ही गुडघे टेकले, पाय दुमडले, आणि म्हणाली, "दिवस कसा गेला, आई?"

"बरा गेला गं माझ्या सोन्या," नाम्पीमा म्हणाली. "ऊठ. इकडे ये."

जेवणं झाली. मी नाम्पीमाच्या आईशी बोलत ओट्यावर बसले होते. मिरेंबे आईच्या खुर्चीला टेकून उभी होती, कसलातरी विचार करत. एकाएकी म्हणाली, "आई, तुला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तू घरी येत नाहीस ना?"

नाम्पीमानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आजी म्हणते. पण सोपं असतं ते. मी शिकवते तुला. तुला आलं की आपण जाऊ. मोठी आई पण आहेच की आता बरोबर न्यायला." मोठी आई म्हणजे मी. तिनं आत जाऊन चटई ओढत आणली, अंगणात पसरली आणि स्वतः बसून दाखवलं. "आधी हा. मग हा. मग पाय असे. दाराकडे हं. घाबरू नकोस, मी धरते."

मी उठले. ओरडणार होते, की तिला नाही चालत, डॉक्टरनं बजावलंय. नाम्पीमानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी जागच्या जागी थांबले.

ती खुर्चीवरून उतरली. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं एक गुडघा टेकला. मग दुसरा. मग पाय दाराकडे दुमडले. ओठ पांढरे पडले होते, पण पाठ सरळ होती.

मिरेंबेनं तिच्याभोवती फिरून, पुढून मागून नीट पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग तिच्या कपाळावर आठी आली. "येतंय की तुला! मग तेव्हा का नाही बसलीस?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. सुई, हाड, आजी, बाप, सगळं. पण उत्तर द्यायचा हक्क माझा नव्हता.

"तेव्हा येत नव्हतं मला," नाम्पीमा म्हणाली. "मला कुणी तुझ्यासारखं नीट शिकवलंच नव्हतं."

पोर खूश झाली. आजीला सांगते म्हणाली, आणि आपली पिशवी भरायला आत पळाली. नाम्पीमानं माझ्याकडे हात केला. मी आणि तिची आई, आम्ही दोघींनी मिळून तिला उठवलं.